टेस्टिंगचं गाणं

२००२ सालच्या मे महिन्यात जान्हवी लग्न होऊन वालावलहून शिरोड्याला आली, तेव्हा वरातभर ती रडत होती. माहेर सुटलं म्हणून रडते, असं सगळ्यांनी धरलं. बायकांना तर कौतुकच वाटलं. हल्लीच्या मुली कुठे एवढ्या रडतात! जीपमध्ये तिच्या शेजारी बसलेला सत्यवानही मनातून हलला. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. पुढच्या टेम्पोत त्याचेच बॉक्स लावलेले होते आणि स्वतःच्या लग्नात हात आखडायचा नाही म्हणून आवाज त्याने स्वतःच चढवून ठेवला होता.

सत्यवानाचा साऊंडचा धंदा होता. लग्नं, सत्यनारायण, गणपती, क्रिकेटच्या मॅची, आणि डिसेंबर आला की हद्दीपलीकडे गोव्यात किनाऱ्यावरच्या पार्ट्या. वडील होडीसकट बुडाले तेव्हा तो शाळेत होता. आई कृष्णाबाई बाजारात मासे विकायची. तिने त्याला समुद्रावर जायला बंदी केली, म्हणून तो म्हापशाच्या एका साऊंडवाल्याकडे बॉक्स उचलायला लागला आणि काही वर्षांनी स्वतःचं सामान घेऊन गावी आला. धाकटा भाऊ निकेत त्याच्या हाताखाली वायरी ओढायचा.

सामान बाहेर नेण्याआधी आणि परत आणल्यावर घरापुढच्या खळ्यात मांडून वाजवून बघायचं, हा सत्यवानाचा नेम. त्यासाठी एकच कॅसेट होती. म्हापशाच्या काही पोरांचा एक रॉक बँड होता, पुढे मोडला. त्यांचं इंग्रजी गाणं. शब्द सत्यवानाला कधी कळले नाहीत, पण बॉक्सचा पडदा सैल झालाय की ट्वीटर फाटलाय, ते त्या गाण्यात बरोबर कळायचं. आधी दोन काठ्या एकमेकींवर आपटत, मग ड्रम, मग गिटार अंगावर येई आणि गाणारा घसा फोडून ओरडे. मध्येच एका ठिकाणी सगळं खाडकन थांबे. गाणारा एक श्वास घेई आणि पुन्हा सगळं कोसळे. घरात त्याला टेस्टिंगचं गाणं म्हणत.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत कृष्णाबाईच्या लक्षात आलं की खळ्यात वायरी पसरल्या की सून दिसेनाशी होते. कधी विहिरीवर, कधी थेट वेळागरच्या किनाऱ्यावर, सुरूंच्या बनात. एकदा तर चुलीवर आमटी उतू जात होती आणि ही मागल्या दारी तांदळाच्या कणगीआड कान दाबून उकिडवी बसलेली.

"काय गो, आमचो धंदो तुका कमीपणाचो वाटता?" कृष्णाबाईने विचारलं. बाजारात ओरडून ओरडून तिचा साधा आवाजही चार घरं ऐकू जायचा.

जान्हवी मान हलवून आमटी उतरवायला उठली.

कापसाचे बोळे सत्यवानाला उशीखाली सापडले. आधी त्याला वाटलं, कान फुटलाय. त्याने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं. लहानपणापासून असंच होतं. भांडं पडलं, कुकरची शिटी झाली, कुणी फटाका लावला, की दुखायचं. वालावलला वडील काशीराम खाडीत पाग टाकून मासे धरायचे. घर पाण्याच्या काठाला, शेजार लांब. आईने भांड्यांच्या फळीवर गोणपाट अंथरलं होतं. लक्ष्मीनारायणाच्या जत्रेला ती तळ्याच्या पलीकडून दिवे बघायची. बघायला पाहुणे यायला लागले तेव्हा आई म्हणाली, ह्या कोणाक सांगू नको.

"माका ठावक नाय होता तुमचो धंदो ह्यो. लायटींचा काम करतत, असा आमका सांगलेला," ती म्हणाली. "आनि लग्न ठरल्यार मगे काय बोलतलंय?"

सत्यवानाला राग आला नाही. त्याला वाटलं, ही भीती आहे, आणि भीती सवयीने जाते. पाण्याला घाबरणाऱ्या पोराला रोज थोडं थोडं पाण्यात नेतात, तसंच.

"आपण सवय करूया," तो म्हणाला. "एकदम हळू लावतंय. रोज इतकोसोच वाढवतंय."

जान्हवीलाही बरं व्हायचंच होतं. ती तयार झाली.

दुपारी कृष्णाबाई बाजारात असायची. पडवीत एक लहान बॉक्स ठेवून सत्यवान टेस्टिंगचं गाणं लावायचा, आणि जान्हवी भिंतीला पाठ लावून, चटईची कड मुठीत धरून बसायची. पहिल्या दिवशी गाणं जेमतेम ऐकू येत होतं. ती हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढला. मग आणखी. सत्यवान गाण्याच्या तालावर मांडीवर बोटं आपटत तिच्याकडे आशेने बघायचा. ती डोळे मिटून घ्यायची. तिला वाटायचं, हा माणूस आपल्यासाठी एवढं करतोय, तर आपणही सोसलं पाहिजे.

आठवडा झाला नसेल. गाणं त्या थांबण्याच्या जागेपर्यंत आलं, थांबलं, गाणाऱ्याने श्वास घेतला आणि पुन्हा सगळे तुटून पडले, तेव्हा सत्यवानाने तिच्या हनुवटीवर रक्त पाहिलं. तिने ओठ चावला होता. त्याने झडप घालून बटण बंद केलं.

"आधी सांगूचा नाय? इतक्या दुखता?"

"सांगलंय तर तुमी थांबयतलास. मगे सवय कशी होतली?"

त्याने तिच्याच पदराने तिची हनुवटी पुसली. मग तिने विचारलं, "तुमका ता गाणा इतक्या कित्या आवडता?"

हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो अडखळत बोलला. "बापूस गेलो तेव्हा मी रडलंयच नाय. आये रडी, निकेत रडी. माका काय वाटाचाच नाय. अंग नुसता थंड. मगे म्हापशाक कामाक लागलंय. थय एकदा ती पोरा ह्या गाणा वाजवी होती आनि मी बॉक्साच्या फुड्यात उबो. तो ड्रम माझ्या छातीत वाजाक लागलो. माका वाटला, कोण तरी आतसून दार बडयता. थयच रडलंय. लोकांका वाटला, दारू प्यालो." तो थोडा हसला. "मध्ये ता थांबता ना, थय माका सगळ्यात बरा वाटता."

"माका थय सगळ्यात वायट," जान्हवी म्हणाली. "फुडे काय येतला ता ठावक असता."

मग तिने त्याला सांगितलं. तो ड्रम मला ऐकू येत नाही, म्हणाली, तो दातांत बसतो. होडीच्या फळीवर गाल टेकवावा आणि पलीकडून कोणी खिळा ठोकावा, तसा. गिटार म्हणजे तांबोशीची खवलं काढताना सुरी फिरते ना, ती आपल्या हिरडीवरून. आणि झांज म्हणजे फोडणीतल्या मिरचीची तिखट वाफ. नाकात जायची ती कानात जाते. गाणं संपलं तरी ते संपत नाही. संध्याकाळपर्यंत जबडा ठणकतो.

"आनि त्या टायमाक माका तुमचो इतको राग येता, जीव घेवचो असा वाटता," ती खालच्या मानेने म्हणाली. "मगे गाणा थांबता आनि माका माझीच लाज वाटता."

सवयीचा नाद सत्यवानाने सोडला. पण म्हणजे काय करायचं, हेही त्याला कळेना. धंदा तर घरातच होता. सामान तपासायच्या आधी तिला सांगायचं आणि तिने सुरूंत जाऊन बसायचं, एवढंच ठरलं. पावसात सुरूंत बसता यायचं नाही. कृष्णाबाईला त्याने सांगून पाहिलं.

"आमच्या मच्छीबाजारात येवन बसू देत एक दीस. सगळा जाता," ती म्हणाली.

दोन वर्षांनी निकेतचं लग्न ठरलं. आरोंद्याची तन्वी. वरात घरी येईल तेव्हा खळ्यातल्या मांडवात सगळे बॉक्स लागणार, निकेतने मित्रांना केव्हाच सांगून ठेवलं होतं. जान्हवीने तेवढा वेळ मागच्या काजूबागेतल्या मांगरात, म्हणजे तिथल्या खोपटात, जाऊन थांबावं, असं सत्यवानाने ठरवलं. कृष्णाबाई अडून बसली.

"थोरली सून ती. दारात नव्या व्हकलेक ओवाळतली कोण? गावाक काय सांगतलंय? सुनेचे कान नाजूक आसत म्हणान?"

शेवटी सत्यवानाने जान्हवीला शब्द दिला. "तू भायर इलस काय मी बंद करतंय सगळा. ओवाळलंस काय भितुर जा. मगे चालू करतलंय."

तसं त्याने केलंही. वरात आली, नवरानवरी दारात उभी राहिली आणि सत्यवानाने मशीन बंद करून हात वर केला. जान्हवी तबक घेऊन उंबऱ्याशी आली. एवढ्यात मांडवाचा एक दिवा गेला म्हणून कुणीतरी सत्यवानाला हाक मारली. तो तिकडे वळला. मशीनजवळ त्याच्या हाताखालचा मितेश उभा होता. निकेतचे मित्र त्याच्या मागे लागले, ता टेस्टिंगचा लाव रे, नवरो नाचतलो. मितेशला त्या शब्दाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. सत्यवानभाऊ लग्नाच्या घरात गाणं बंद का ठेवतोय, हेच त्याला कळत नव्हतं.

त्याने बटण पूर्ण फिरवलं.

जान्हवी बॉक्सपासून हातभर अंतरावर होती. तिला पुढचं काही आठवत नाही. लोकांनी पाहिलं ते असं, की तिने किंकाळी फोडली, हातातलं तबक भिरकावल्यासारखं उडालं आणि निरांजनातलं तापलेलं तेल नव्या नवरीच्या पायावर सांडलं. तन्वी ओरडत खाली बसली. अक्षता, कुंकू, सुपारी उंबऱ्यावर विखुरली. जान्हवी लोकांना ढकलत घराच्या मागे पळाली.

गाणं बंद व्हायला वेळ लागला. मग बायकांचे आवाज सुरू झाले. व्हकलेच्या पायार आग! घरात पाय ठेवूच्या आधी! तन्वीच्या मामाने सगळ्यांदेखत विचारलं, "असली येडी माणसा घरात आसत, ता सांगूचा नाय?"

सत्यवान मांडवातून धावत आला होता. तन्वीचा भाजलेला पाय, आईचा चेहरा, निकेतची मान खाली. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आमका तरी कोणी सांगला? फसवून बांधल्यानी माझ्या गळ्यात!"

मांगरात जान्हवी गोणपाटांत डोकं खुपसून पडली होती. तरी हे वाक्य तिला ऐकू गेलं. तिला सगळंच ऐकू जायचं.

दुसऱ्या दिवशी काशीराम येऊन तिला घेऊन गेला. सत्यवान खळ्यात वायरी गुंडाळत होता. तो उठला नाही, आणि तीही त्याच्याकडे न बघता निघून गेली.

तन्वीचा पाय महिन्याभरात बरा झाला. डाग राहिला. वालावलच्या दुकानातल्या फोनवर सत्यवानाने दोन-तीनदा फोन केला, पण जान्हवी फोनवर आली नाही. मग त्याने करणं सोडलं. तिला मी कुठे घालवली, ती आपणच गेली, असं तो लोकांना सांगायचा. धंदा मात्र वाढला. मोठे बॉक्स आले. कृष्णाबाईच एकदा जेवताना म्हणाली, "पोरीन माका कधी उलटा उत्तर दिल्यान नाय रे." सत्यवान पानावरून उठला.

२००५ संपताना हरमलला एका पार्टीचं काम होतं. पहाटे सामान टेम्पोत भरताना सत्यवानाला कानात बारीक शिटी ऐकू आली. कुठल्या तरी मशीनची असेल, असं वाटून तो शोधत राहिला. घरी आला तरी ती होतीच. झोपून उठला तरी होतीच. लांब कुठे तरी कुकरची वाफ सुटावी आणि ती कोणी बंदच करू नये, तसं. दिवसा बाजारात, कामावर ती बुडून जायची. घरात सामसूम झाली की डोकं भरून वाजायची. तो पंखा लावून झोपायला लागला, मग पंखा आणि टीव्ही. निकेतने कुरकुर केली. सत्यवानाने कोणाला काही सांगितलं नाही. शिवाय आणखी एक झालं. टेस्टिंगचं गाणं त्याला अर्धंच ऐकू यायला लागलं. झांज कुठे गेली? ट्वीटर जळाले म्हणून त्याने नवे आणले. नवेही तसेच.

अखेर तो म्हापशाला कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली. उंच पट्टीचे बारीक आवाज ऐकायची ताकद गेलीय, ती परत येत नाही, म्हणाले. शिटी कमी होईल किंवा होणारही नाही. कामावर कान झाका, नाही तर काम सोडा.

सत्यवान उठला नाही. "डॉक्टर, एक विचारू? एखाद्याला आवाज दुखतो, असं असतं का? म्हणजे खरंच दुखतो?"

"असतं. कोण आहे तसं?"

"बायको."

"मग तिला घेऊन या. पूर्ण जाईल असं नाही, पण उपाय करून बघता येतो. आणि हे नाटक नाही, वेडही नाही. आपल्याला जो आवाज साधा वाटतो तो तिला साधा नसतो, एवढंच. जबरदस्ती मात्र करू नका."

म्हापसा ते शिरोडा, सबंध वाटभर बस खडखडत होती आणि शिटी दबून गेली होती. सत्यवानाला वाटलं, ही बस थांबूच नये.

चार दिवसांनी तो वालावलला गेला. काशीराम अंगणात पाग दुरुस्त करत होता. त्याने जावयाला पाणी दिलं, पण तोंडावर हसू आणलं नाही.

"ती खाडयेर आसा," तो म्हणाला. "बोला. पण आवाज चढाक नको."

जान्हवी काठावर खाडीतून काढलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, धूत बसली होती. त्याला पाहून तिचे हात थांबले, मग पुन्हा चालायला लागले. सत्यवान थोडा लांब बसला. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं. इतकी शांतता त्याने पुष्कळ महिन्यांत ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत त्याची शिटी अशी काही वाजू लागली की त्याने दोन्ही तळवे कानांवर दाबले.

जान्हवीने ते पाहिलं. "काय झाला तुमका?"

त्याने सांगितलं. शिटी, टीव्ही लावून झोपणं, हरवलेली झांज, डॉक्टर. त्याला वाटलं होतं, ती म्हणेल, बरं झालं. तिने विचारलं, "बारीक असता काय जाडी? एकसारखी काय मध्ये थांबता? दुखता काय नुसतीच वाजता?"

तो एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेला. कोणी असं विचारलं की किती बरं वाटतं, हे त्याला आजच कळत होतं.

"त्या दिसा मी जा बोललंय," तो म्हणाला, "ता चुकीचा होता. खोटाही होता. तू माका सगळा सांगललंस. मीच मानूक नाय."

"सगळ्यांच्या फुड्यात बोललास," ती म्हणाली. "आता हय एकट्याक काय सांगतास?"

तो तसाच परत गेला. पण रविवारी तो पुन्हा आला तो कृष्णाबाई, निकेत आणि तन्वीला घेऊन, आणि काशीरामाच्या पडवीत सगळ्यांसमोर तेच बोलला. निकेत भिंतीकडे बघत राहिला. तन्वी उठून जान्हवीजवळ जाऊन बसली. कृष्णाबाईने बोलायला तोंड उघडलं आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, अगदी हळू आवाजात म्हणाली, "चल गो घराक."

जान्हवी आली, पण सांगून आली. घरात सामान राहणार नाही. ओवाळायला, नाचवायला कोणी बोलवायचं नाही. सत्यवानाने सगळे बॉक्स निकेतला दिले. निकेतने बाजारात गाळा घेतला आणि स्वतःच्या नावाने धंदा चालू केला. सत्यवान मांडव आणि लायटिंगचं काम करू लागला. त्यात मिळकत कमी. बायलेच्या कानांपायी धंदो बुडयल्यान, असं लोक बोलले, अजून बोलतात. भाऊ-भाऊ पूर्वीसारखे राहिले नाहीत.

घरातही सगळं सुरळीत झालं, असं नाही. जान्हवीला झोपायला सामसूम लागते आणि सामसुमीत सत्यवानाला वेड लागायची पाळी येते. म्हणून तो मागच्या मांगरात झोपतो, पंखा आणि स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर घेऊन. म्हापशाचे डॉक्टर तिला वर्षभर बोलवत होते. थोडा फरक पडला. भांडं पडलं तर ती आता पळत नाही, नुसती दचकते.

टेस्टिंगचं गाणं त्यांनी एकदाच पुन्हा लावलं, एका छोट्या टेपवर. तिनेच म्हटलं होतं, लावा, बघूया. त्याला ऐकू जावं इतका आवाज केला की तिचा जबडा आवळायचा. तिला सोसेल इतका कमी केला की त्याला नुसता ड्रम ऐकू यायचा, तोही पुसट. तिने हाताने खूण करून झांज कधी येते ते दाखवलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मग तिला सहन होईना आणि तिनेच ते बंद केलं. दोघांना एकत्र ऐकता येईल अशी जागा त्या गाण्यात नव्हती. "जाव दे," तो म्हणाला.

२००८ च्या श्रावणात त्यांना मुलगी झाली. रिया. बारशाला बाजा नव्हता. पोर दोन महिन्यांची असताना, एका दुपारी जान्हवीच्या हातून पितळेचा डाव निसटला आणि जमिनीवर खणखणत पाळण्यापर्यंत गेला. जान्हवीने डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा पोर तशीच झोपलेली होती. पापणीसुद्धा हलली नव्हती.

जान्हवीला इतकं हलकं वाटलं की ती खालीच बसली. हिला दुखत नाही. देवा, हिला दुखत नाही.

सत्यवान पडवीत होता. डाव पडलेला त्यालाही ऐकू आला होता. तो पाळण्याजवळ आला आणि पोरीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"ह्या उठला कसा नाय?" तो म्हणाला. "हेका ऐकूक येता मां?"

हे जान्हवीच्या मनातही आलं नव्हतं. त्याने पाळण्याच्या बाजूला बोटांनी टिचकी वाजवली. पोर हलली नाही. तो पुन्हा वाजवणार तोच जान्हवीने त्याचा हात धरला. वाजवू द्यावं की नको, तिला ठरवता येईना. दोघं पाळण्याच्या दोन बाजूंना तशीच उभी राहिली.

मासे विकून कृष्णाबाई मागल्या दाराने आत आली. टोपली खाली ठेवता ठेवता तिने नेहमीच्या चढ्या आवाजात विचारलं, "माझा चेडू खंय आसा गो?"

पाळण्यात रियाने डोळे उघडले. मान वळवून ती आजीच्या आवाजाकडे बघायला लागली. रडली नाही.

सत्यवानाने पाळण्याची दांडी घट्ट धरली. जान्हवीने पदराने तोंड पुसलं.

"आये," ती म्हणाली, "हळू बोला."

"हळूच बोलतंय," कृष्णाबाई तितक्याच मोठ्याने म्हणाली आणि हात धुवायला न्हाणीकडे गेली.